समीक्षाची गिरकी

आमच्या घरात वर्षभर शेवग्याची शेंग शिजली नाही. सासूबाई विचारायच्या, "नम्रे, आमटीत शेंगा का नाय टाकल्यास गं?" मी म्हणायचे, किडल्यात. अहो, परसात झाड आहे, ढीगभर शेंगा लटकलेल्या, आणि मी त्या काढून मुकाट्यानं शेजारच्या बायजाआजीला देऊन टाकायचे. शेंग मोडताना जो आवाज येतो ना, कट्ट असा, तो मला ऐकवत नव्हता. माझ्या नणंदेचा गुडघा गेला तेव्हा अगदी तसाच आवाज आला होता. मैदानाच्या कडेला मी चार हातांवर उभी होते. लोक म्हणतात, एवढ्या गलक्यात आवाज कसा ऐकू येईल? मी म्हणते, तुम्ही नव्हता ना तिथे, मग गप्प बसा.

माझी नणंद समीक्षा. घरात समी. माझं लग्न होऊन मी नेरळहून या केळवलीकडच्या गावात आले तेव्हा ही दहा वर्षांची होती. निलेशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, शेंडेफळ बहीण. सासरे आधीच गेलेले, त्यामुळे लाड उरलेसुरले सगळे हिच्या वाट्याला. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पोरांबरोबर शेतात कबड्डी खेळून कोपरापर्यंत माती घेऊन घरात आली आणि माझ्या नव्या साडीला हात लावून म्हणाली, "वैनी, आऊट!" मी नवी नवरी, पण हातात चप्पल घेऊन मागे लागले. सापडते कसली! तिथून आमची मैत्री.

तिची गिरकी सगळ्या तालुक्यात माहीत होती. चढाईला जायची, कोपऱ्यातल्या मुलीला हात लावायची, आणि पकडायला आलेल्या दोघीतिघींच्या मधून एका पायावर अशी गरकन फिरायची की त्यांच्या हातात नुसती हवा. ती गिरकी तिला कुणी शिकवली नाही. भाताच्या बांधावरून पळताना समोरून म्हैस आली तर दोन्हीकडे पीक, पाय टाकायला जागा नाही. मग जागच्या जागी एका पायावर फिरायचं आणि उलटं पळायचं. हे लहानपणापासून रोजचंच.

त्या डिसेंबरात, जिल्ह्याच्या निवड चाचणीला दोन आठवडे असताना, शेजारच्या गावात सामने होते. समीनं हात लावला, गिरकी घेतली आणि कुणीतरी तिचं पाऊल धरलं. पाऊल तिथेच राहिलं, समी फिरली. कट्ट.

ती ओरडलीसुद्धा नाही आधी. खाली बसून गुडघ्याकडे बघत राहिली.

जानेवारीच्या शेवटी पनवेलला ऑपरेशन झालं. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टरांनी तिच्याच मांडीतली एक शीर काढून गुडघ्यात ओवली. घरी सोडताना त्यांनी बजावलं, की आता हे नवं लिगामेंट मुरायला वेळ लागतो, नऊ महिने गिरकी नाही, उडी नाही, पाय रोवून वळायचं नाही. परत तुटलं तर खेळ विसरा. सासूबाई म्हणाल्या, "नऊ महिने? बाळातपणच हाय की मग." आम्ही सगळे हसलो. समी नाही हसली. तिनं बोटांवर महिने मोजले. ऑक्टोबरअखेर नऊ महिने भरत होते आणि डिसेंबरात पुन्हा चाचणी. कुमारी गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. त्यानंतर वय निघून जाणार होतं.

निलेशची मोहोपाड्याला कंपनीत पाळी, सासूबाईंना शेताचं. म्हणून समीला आठवड्यातून तीनदा कर्जतला फिजिओथेरपीला न्यायचं काम माझ्याकडे आलं. स्कूटीवर पुढे मी, मागे ती, पट्टा बांधलेला पाय बाजूला काढून. एरवी मी स्कूटी अशी चालवते की निलेश मागे बसत नाही. पण त्या दिवसांत पळसदरीच्या रस्त्यावर बैलगाडीसुद्धा मला मागे टाकून गेली असती. एक एक खड्डा पाठ होता मला. खड्डा आला की मागून तिची नखं माझ्या खांद्यात रुतायची.

तिथले फिजिओ ऋषिकेश सर माझ्याहून लहान, पण शांत माणूस. पहिल्या दिवशी गुडघा जेमतेम चाळीस अंश वाकला. समी उशीत तोंड घालून रडत होती आणि मी सरांवर ओरडत होते, "अहो, हळू ना! माणसाचा पाय आहे तो!" त्यांनी मला बाहेर बसवलं. पुढच्या वेळेपासून तोंड बंद ठेवायच्या अटीवर आत घेतलं. मग टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायची, टाच ओढायची, पाय सरळ उचलून धरायचा. घरी दिवसातून चार वेळा मी हेच करून घ्यायचे. माझ्या शिवणाच्या टेपनं दर रविवारी मांडी मोजायचे. उजवी मांडी डावीपेक्षा दोन बोटं बारीक झाली होती. ज्या पोरीला तालुक्यात कुणी पकडू शकत नव्हतं, ती न्हाणीत जायला माझा खांदा धरत होती.

व्यायामाला ती कधी नाही म्हणाली नाही. पण भीती काही जाईना. "वैनी, आतून कायतरी सरकलं." दिवसातून दहादा. उंबरा ओलांडताना थांबायची, आधी पायाकडे बघायची, मग देवाचं नाव. मीही काही कमी नव्हते. पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरलं तर मी पहाटे उठून ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासायचे, वर गोणपाटं अंथरायचे. रात्री ती कुशीवर वळली की माझी झोप मोडायची. निलेश म्हणाला, "ती बरी होतेय, तू आजारी पडशील." मी त्याला म्हटलं, "तुझी बहीण आहे, तुला काय त्याचं!" यात अर्थ काही नाही, पण रागात माणूस अर्थ बघून बोलतं का?

जुलैअखेर ती सरळ पळायला लागली. ऑगस्टमध्ये गुडघा पूर्ण वाकला. सर खूश होते. आणि मग गौरी आल्या.

आमच्या आळीत गौरीपूजनाच्या दुपारी जेवणं आटोपली की सगळ्या बाया बायजाआजीच्या ओटीवर जमतात आणि पहिली फुगडी नणंद-भावजयीची असते. ज्या घरात दोघी आहेत त्यांनी उठायचंच. आठ वर्षं आम्हीच ती फुगडी घालत होतो आणि आमच्यापुढे कुणी टिकत नव्हतं. या वर्षी आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो होतो. बायजाआजी सत्तरीची, पण जीभ पंचविशीची. म्हणाली, "काय गं नम्रे, औंदा ननंद लंगडी मिळाली, सुटलीस म्हणायची. का तुझंच गुडघं वाजाय लागलं?"

बाया खिदळल्या. मला वाटलं, समी रडेल. ती ताडकन उठली. "चल वैनी."

मी नाही म्हणायला हवं होतं. सात महिने मी खड्डे चुकवले, शेवाळ घासलं, आणि त्या क्षणी मला काय सुचलं तर आजीची खोड मोडायची! मी पदर खोचला. माझ्या मनात होतं, दोन फेरे हळूच घेऊ आणि बसू.

पावलाला पावलं लावली, हात तिढ्यात धरले, मागे झुकलो. एक फेरा, दोन फेरे. समीनंच वेग घेतला. तिचं डोकं मागे गेलं, वेणी उडायला लागली आणि ती हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा मी तिचे मागचे दात पाहिले. बाया टाळ्या पिटत होत्या. आणि माझं लक्ष खाली गेलं. तिचा परकर वर उडाला होता, गुडघ्यावरची ऑपरेशनची खूण दिसत होती, आणि तो गुडघा रोवलेल्या पावलावर फिरत होता. गरगर. माझ्या कानात कट्ट झालं. खरं नव्हतं ते, माझ्याच डोक्यातलं होतं. पण मी घाबरले आणि हात सोडले.

फुगडीत हात सोडत नाहीत. चार वर्षांच्या पोरीलाही ते कळतं.

मी भिंतीवर आदळले. समी लादीवर पडली, उजवा पाय अंगाखाली दुमडलेला. पूर्वी ती ओटी शेणानं सारवलेली असायची, आता चकचकीत लादी आहे. ती किंचाळली, "वैनी, माझा पाय!"

सासूबाई आतून धावत आल्या. त्यांनी आधी समीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. नणंद पडली आणि भावजय उभी, यावर आळीत काय बोललं जाईल ते मला त्या नजरेत दिसलं. बायजाआजीच मध्ये बोलली, "घामानं हात सुटला गं. उकडतंय किती." आणि मी, सगळ्यांच्या तोंडावर बोलणारी नम्रता, म्हणाले, "हो. घामानं सुटला."

संध्याकाळपर्यंत गुडघा पपईएवढा सुजला. ऋषिकेश सरांनी तपासलं. म्हणाले, सूज आहे तोवर काही सांगता येत नाही, पनवेलला एमआरआय करा. सणामुळे तारीख नऊ दिवसांनी मिळाली. ते नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. देवापुढे उभी राहिले तर तोंडातून शब्द निघेना, कारण देवाला काय सांगणार, घाम? समी पलंगावर पडून कौलांकडे बघायची. मला काही विचारत नव्हती. तिनं विचारलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. उलट एकदा सासूबाई "फुगडी घालाय कुणी सांगितलं व्हतं हिला?" असं माझ्याबद्दल पुटपुटल्या, तर समीच म्हणाली, "आई, मीच उठले व्हते. वैनीला काय नको बोलू."

पनवेलला ती मशीनमध्ये आत गेली आणि मी बाहेर बाकावर बसून निलेशचा हात इतका करकचून धरला की त्याच्या मनगटावर दोन दिवस वळ होते. रिपोर्ट आला. नवं लिगामेंट शाबूत होतं. शेजारचं एक ताणलं होतं, ते महिनाभराच्या विश्रांतीनं बरं होणार होतं. मी तिथेच रडले, अगदी हुंदके देऊन. लोक बघायला लागले तर निलेश म्हणाला, "चांगली बातमी आहे हो."

पण ती चांगली बातमी गुडघ्याची होती. समीची नव्हती. ऑक्टोबर संपता संपता ती पुन्हा पळू लागली, मांड्या सारख्या झाल्या, एका पायावर उड्या मारण्याची परीक्षाही पास झाली. मात्र सरांनी जमिनीवर खूण करून सांगितलं, की इथपर्यंत पळत ये, पाय रोव आणि वळ, की ती खुणेपाशी यायची आणि उभी. मुलगी दगड व्हायची. चेहरा पांढरा, श्वास चढलेला. वीसदा केलं, वीसदा तेच. सर म्हणाले, "गुडघा तयार आहे. हिचा विश्वास नाही बसत. ही पडली कशी नेमकी, मला कुणी नीट सांगितलंच नाही." मी खिडकीबाहेर बघायला लागले.

परतताना पळसदरीच्या अलीकडे मी स्कूटी थांबवली. मला पुढचं दिसेना, डोळे इतके भरले होते. रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हटलं, "समे, तो घाम नव्हता. मी सोडला हात. तुझा गुडघा बघून घाबरले आणि सोडला. तुला मारायचं तर मार."

ती गाडीवर तशीच बसून होती. म्हणाली, "म्हायती हाय मला."

"काय माहीत आहे?"

"घामाचा हात सरकतो, वैनी. तू झटकलास. कळतं की."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस, बाई?"

"आईनं तुला उभं केलं असतं का घरात? आन मला कर्जतला कोनी आनलं असतं, बायजाआजी?" एवढं बोलून ती हसायला गेली, पण जमलं नाही. मग खाली मान घालून म्हणाली, "मी पडायच्या आधीच घाबरले वैनी. लय मजा येत व्हती, पायाची आठवनच नव्हती. मग तुझं तोंड बघितलं. वाटलं, वैनीला दिसलं, पाय तुटताना दिसला तिला. आता वळाय गेले की तुझं तेच तोंड समोर येतं."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. मी नऊ महिने खड्डे चुकवत होते आणि तिची सगळ्यात मोठी भीती माझ्या तोंडावर बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नऊ महिने झालेत. आता फुगडी चालेल. रोज घाला. आधी हळू. आणि वहिनी, गुडघ्याकडे बघायचं नाही."

सांगायला सोपं हो! दिवाळीनंतर एका दुपारी आम्ही पुन्हा बायजाआजीच्या ओटीवर गेलो. आजीनं आम्हाला बघून देवघराकडे हात जोडले आणि लादीवर गोधड्या अंथरायला घेतल्या. मी म्हटलं, "आजी, गोधड्या नकोत, पाय अडकेल." हात तिढ्यात धरले. पहिला फेरा म्हणजे नुसतं चालणंच. मी तिच्या डोळ्यांत बघत राहिले. खाली बघायची इतकी ओढ होती की मान दुखायला लागली. दुसऱ्या दिवशी चार फेरे. आठ दिवसांनी वेणी उडायला लागली. कानात ते कट्ट रोज वाजायचं आणि मी दात काढून हसायचे. बायजाआजी म्हणाली, "नम्रे, हसतीस का दात दुकतोय तुजा?"

मग एक दिवस, फेरे मंद होत असताना, समी म्हणाली, "वैनी, सोड आता. मी एकटी फिरते."

मला सोडवेना. खरंच. बोटंच उघडेनात. गौरीत न सांगता सुटले होते हे हात, आणि आता ती मागतेय तर सुटत नाहीत. "सोड गं," ती म्हणाली, "तोंड तेवढं हसतं ठेव." एक एक बोट उकलून मी हात सोडले. तिनं उजवा पाय रोवला आणि त्या लादीवर एकटीनं एक गिरकी घेतली. छोटीशी, अडखळती. पण पूर्ण.

डिसेंबरात चाचणी होती. मैदानाला चुन्याच्या रेषा मारलेल्या, खुर्च्यांवर निवड समिती, पोरींची गर्दी. मी कडेला, पुन्हा चार हातांवर. समीचं नाव पुकारलं. मातीला हात लावून कपाळाला लावला आणि चढाईला निघण्याआधी तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. शेजारी उभ्या निलेशचा श्वाससुद्धा मला ऐकू येत होता. मी हसले.

ती कोपऱ्यापर्यंत गेली. हात लावला. तिघी तिच्यावर आल्या, त्यातली एक पायाशी झेपावली, गेल्या वर्षी झेपावली होती अगदी तशी. मी डोळे मिटले नाहीत. समीनं उजवा पाय रोवला आणि फिरली. गरकन. तिघींच्या हातात नुसती हवा, आणि ही रेषेच्या अलीकडे.

टाळ्या पडल्या. ती धापा टाकत गुडघ्यावर हात ठेवून वाकली, मग मान वर करून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, "वैनी, दात आत घे आता!"

मला आत घेता येईनात. गाल आखडले होते. आणि मग माझेच गुडघे गेले आणि मी तिथे मातीत फतकल मारून बसले. निलेश मला उठवायला लागला तर म्हटलं, राहू दे जरा.